हिरवळीवर चालू नये

संपादकांचा माणूस घरी आला तेव्हा मी कुंड्यांची माती उकरत बसलो होतो. "साहेब, गंगेकाठची बाग तुम्ही उभी केलीत. गुलाबांवर वगैरे चार पानं लिहून द्या. दिवाळी अंक आहे, वाचकांना प्रसन्न वाटेल असं काहीतरी," म्हणाला. मी हो म्हटलं, चहा पाजला. तो जिना उतरून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या बागेत गुलाब कधी जगलेच नाहीत. पुराचं पाणी ओसरताना वीतभर गाळ टाकून जातं आणि गाळात गुलाबाचा जीव गुदमरतो. म्हणजे गुलाबांवर लिहायचं तर खोटं लिहायचं. आणि त्या बागेपायी जेवढं खोटं बोलायचं तेवढं माझं नोकरीत असतानाच बोलून झालं आहे. तेव्हा ज्यांना प्रसन्न वाटून घ्यायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. मी राग मानणार नाही.

बाग नाशिककरांना ठाऊक आहे. गंगा म्हणजे आमची गोदावरीच. आम्ही तिला दुसऱ्या नावाने हाक मारत नाही. बागेत तीन हिरवळी आहेत. दोन मोकळ्या, तिथे माणसं डबे उघडतात, पत्ते कुटतात, लोळतात. तिसरीच्या कडेला लोखंडी पाटी आहे: 'हिरवळीवर चालू नये'. तिथे कुणी पाय टाकला की मी शिट्टी मारायचो. दहा वर्षं मारली. पोरं मला शिट्टीमास्तर म्हणायची. संध्याकाळी फिरायला येणारे एक वकील एकदा हटूनच बसले. "तिन्हीकडे हरळीच लावलीय ना? मग कायदा एकीलाच का?" मी म्हटलं, "तिथलं गवत नाजूक आहे." ते हसले. म्हणाले, "सरकारी माणूस तो सरकारी माणूस." मी तेही ऐकून घेतलं.

ती पाटी मी का लावली, ते आज सांगतो.

सत्तरच्या दशकात तो काठ ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी नाकाला रुमाल लावूनच पाहिला असेल. वरच्या अंगाला कुंडं, दिवे, अस्थी घेऊन लांबलांबून आलेली माणसं. आणि तिथून थोडं खाली आलं की नाल्याचं काळं पाणी, बेशरमीची झुडपं आणि पाडलेल्या घरांचा राडारोडा. सकाळी तिथे कोण कशासाठी बसायचं ते दिवाळी अंकात लिहायला नको. नाशिकरोडहून येणारी बस पुलावर आली की माणसं खिडक्या लावून घ्यायची. डुकरांचे कळप तर मोजता येत नसत. ती हलवायला गेलो, तर तोवर कुणाचीच नसलेली डुकरं एकाएकी मालकाची झाली. एक गृहस्थ एकेका डुकराला नावाने हाक मारत आला आणि माझ्याशी तासभर भांडला. मी कचेरीत गमतीने सांगायचो, "या काठावर कशालाही हात लावा, मालक उगवतो." सगळे हसायचे. मला तेव्हा ती गंमतच वाटत होती.

नदीकाठी बाग करायची म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण लोकांना वाटतं माळी आला, रोपं लावली, झालं. आधी काठ धरावा लागतो, नाहीतर पहिल्याच पुरात बाग खाली पैठणला. त्यासाठी काठाच्या उतारावर दगड एकात एक अडकवून थरावर थर बसवतात आणि सांध्यांत सिमेंट भरतात. त्याला आम्ही पिचिंग म्हणतो. मग भराव, मग पोयटा, म्हणजे नदीचीच गाळाची कसदार माती. मग झाडं, तीही पुरात वाकून पुन्हा उभी राहणारी: वाळुंज, करंज, उंबर. हरळी सगळ्यात शेवटी. तिचं बी पेरत नाहीत. मुळासकट तुकडे करून, ओळीने उकिडवं बसून, बोटाबोटाने जमिनीत खोचतात. ज्याचे गुडघे चांगले तो चांगला माळी. आणि हे सगळं पावसाच्या आत, कारण पाऊस कुणाची मंजुरी यायची वाट बघत नाही.

माझ्या हाताखाली वीसेक माणसं होती, त्यात बायाच जास्त. मुकादम केरू, पंचवटीचा. तंबाखू मळायला जेवढा वेळ लावायचा, तेवढाच एक वाक्य बोलायला. आणि हरळी खोचण्यात पहिला नंबर मथुराबाईचा. ती पेठकडची. बहात्तरच्या दुष्काळात नवऱ्याबरोबर खडी फोडायच्या कामावर म्हणून निघाली, ती नाशकातच राहिली. नवरा पुढे कामासाठी सुरगाण्याकडे गेला, तो आलाच नाही. बाई तीस-बत्तिशीची असेल. एकदा मी हौसेने तिच्या शेजारी खोचायला बसलो आणि पाचव्या मिनिटाला पाय धरून उठलो. "साहेब, शाळा लय शिकलात, पर बसायला नाय शिकलात," ती म्हणाली आणि अख्खी ओळ हसली. मीही हसलो. या माणसांवर माझा जीव होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

काठाच्या वळणावर, उंबराजवळ, जरा उंचावर एक तुकडा होता. नेहमीचा पूर तिथवर यायचा नाही. तिथे जागोजाग दगडांचे छोटे ढीग होते आणि त्यांवर बाभळीचे वाळके काटे टाकलेले. मी माती हातात घेतली. काळीभोर, भुसभुशीत. साऱ्या काठावर तशी माती नव्हती. मी शेतीचा डिप्लोमा केलेला माणूस, मला लगेच उलगडा झाला. उन्हाळ्यात नदीकाठी काकडी-कलिंगडाच्या वाड्या लावतात, आणि गुरं शिरू नयेत म्हणून कडेने दगड आणि काटे टाकतात. जुनी वाडी असणार, म्हणूनच माती एवढी मोकळी. हा शोध मी केरूला मोठ्या ऐटीत ऐकवला. त्याने माझ्याकडे पाहिलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "तसं म्हणा."

"तसं म्हणा म्हणजे?"

"तेवढा तुकडा राहू द्या साहेब."

"अरे, का? उत्तम जागा आहे. नकाशात मुलांचा विभाग तिथेच दाखवलाय. झोपाळे, घसरगुंडी."

"राहू द्या," तो पुन्हा म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी बायांना ते काटे उचलायला सांगितले. एकही उठली नाही. ओरडलो, हजेरी कापीन म्हणालो, तरी मान खाली घालून बसून राहिल्या. मला वाटलं, भुताखेताचं काहीतरी असणार. उंबर जवळ होताच. मथुराबाईला म्हटलं, "तू तरी ऊठ." ती म्हणाली, "दुसरं काय बी सांगा." माझं डोकं फिरलं. मे महिना सरत आलेला, पाऊस आला की कच्चा काठ गेला, आणि यांची ही नाटकं! मनात म्हटलं, थांबा, तुमच्यावाचून काही अडत नाही.

रविवारी टोळीला सुट्टी असायची. मी एका ठेकेदाराकडून ट्रॅक्टर आणि परगावचे चार गडी मागवले. ढिगांचे दगड उचलून पिचिंगच्या गवंड्याकडे टाकले. त्याला दगड कमीच पडत होते. काटे जाळले. मग ट्रॅक्टरमागे लोखंडी फळी लावून जमीन सपाट करायला घेतली. ट्रॅक्टर चालवायला रशीदभाई होते, पन्नाशीचे, शांत गृहस्थ. तिसऱ्या फेरीला त्यांनी ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरले, मागे जाऊन वाकले आणि तसेच उभे राहिले. एखादा दगड आडवा आला असेल म्हणून मी चालत गेलो.

"साब," ते म्हणाले, "ये कब्रस्तान है."

"छे! कुणाचं? इथे कधी नव्हतं."

"छोटे बच्चों का."

त्यांच्या तळहातावर लहान बाळाची मनगटी होती. बारीक तारेत ओवलेले काळे मणी, मातीने भरलेले. जमिनीत आणखी काय दिसत होतं ते मी लिहीत नाही. रशीदभाईंनी आपल्या खांद्यावरचा रुमाल काढून त्यावर टाकला होता.

आता मला ठाऊक नव्हतं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? दात न आलेलं मूल आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. बाप नेतो, आईने जायचं नसतं. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचतात, काटे टाकतात. येताना मागे वळून बघायचं नाही आणि त्या जागेचं नाव काढायचं नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. नाशकात जन्मलो, नाशकात वाढलो. पण डोक्यात बाग भरलेली. दगड आणि काटे बघून मला काकडीची वाडी आठवली आणि वर माझ्या हुशारीचा अभिमानही वाटला.

माझ्यापुढे सरळ रस्ता होता. काम थांबवायचं, कचेरीत कळवायचं, पंचनामा करायचा, वस्तीतल्या लोकांना बोलावून विचारायचं. पण मग काम लटकलं असतं, अर्धवट काठ पुरात गेला असता, आणि पहिला प्रश्न आला असता, की सुट्टीच्या दिवशी टोळीला टाळून हे करायला कुणी लावलं? मी घाबरलो. बाकीची कारणं मी नंतर जमवली. रशीदभाईंना म्हटलं, "पोयट्याच्या ट्रॉल्या आणा. सगळं झाकून टाका."

त्यांनी रुमालाचं टोक सारखं केलं. मग म्हणाले, "मिट्टी देना सवाब का काम है साब. मिट्टी डालकर छुपाना अलग बात है." सवाब म्हणजे पुण्य. तरी त्यांनी माती आणली. ट्रॅक्टरची फळी सोडवून ठेवली आणि फावड्याने, हातांनी, कुणाला लागू नये अशी ती पसरली. जाताना मनगटी माझ्या हातात ठेवली. माझ्या खिशात झेंडूच्या बियांची रिकामी पुडी होती, तीत मी ती घातली.

सोमवारी टोळी आली. समोर काळ्या मातीचा सपाट चौकोन. कुणी ओरडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मथुराबाई चौकोनाच्या कडेकडेने चालत एका जागी थांबली, दोन पावलं पुढे गेली, पुन्हा मागे आली. मग माझ्याकडे आली.

"साहेब, हितला पाटा कुठं गेला?"

"कसला पाटा?"

"वाटायचा पाटा. दगडात व्हता. माझा."

आणि उभ्या उभ्या, दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसं तिने सांगितलं. दुष्काळाच्या साली नाशकात आल्यावर तिला मुलगा झाला. शेजारणींनी हौसेने बारसं केलं. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, तसा तिचा वरवंटा फिरवला. सहा महिन्यांत जुलाब होऊन बाळ गेलं.

"त्या साली लय पोरं गेली," ती म्हणाली. "धन्यानं न्हेलं तवा वर ठेवाया दगुड नव्हता उरला. समदे आधीच्यांवर गेल्यालं. मंग घरी आला आन् पाटा उचलून घेऊन गेला. आईनं जायाचं नसतंय, पर मी जायाची. पाटा दिसला का कळायचं, हितं हाय."

ती आमच्या कामावर आली ती त्याचसाठी, हे मला त्या दिवशी समजलं. रोज येता-जाता तिला तो पाटा दिसायचा.

"मला ठाऊक नव्हतं गं," मी म्हटलं.

"नसंल," ती म्हणाली. "पर पाटा कुठं हाय?"

केरूला बाजूला घेऊन मी उलट त्याच्यावरच उखडलो. "तोंड नव्हतं का तुला? स्पष्ट सांगायला काय झालं होतं?"

"साहेब, तुम्ही नाशिकचेच ना?" तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला समजलंय आन् समजून करताय. मग मी काय बोलणार?"



पाटा शोधायला दोन दिवस लागले. गवंड्याने तो पिचिंगमध्ये बसवून सिमेंटही भरलं होतं. सपाट तोंडाचा चांगला दगड, म्हणून दर्शनी बाजूला, खालून तिसऱ्या थरात. छिन्नीने टाकी लावल्याचे ठोके स्वच्छ दिसत होते. मथुराबाईने त्यावरून हात फिरवला. मी इंजिनिअर साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "खालचा एक काढलात तर वरचे थर ढासळतील. आणि काढायचा कशासाठी?" त्या 'कशासाठी'चं खरं उत्तर मी रविवारीच मातीखाली घातलं होतं. परत येऊन तिला म्हटलं, "नाही निघत."

ती रडली नाही. म्हणाली, "मंग एक करा. हितं झोपाळं नका लावू. खड्डं खणतील, खांब ठोकतील. ते कुणाच्या अंगात जातील काय ठाव? पाटा असता तर माझ्याचं तरी सांगितलं असतं, का हितं नका खणू."

मी शब्द दिला. दुसरं काही देण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं.

पण शब्द पाळायचा तर कारण द्यायला हवं, आणि खरं कारण सांगायची सोय मी ठेवली नव्हती. मग लेखी दिलं, की त्या ठिकाणची जमीन भुसभुशीत आहे, झोपाळ्यांच्या खांबांचा पाया धरणार नाही, सबब मुलांचा विभाग पलीकडे हलवावा. इंजिनिअर साहेब कामाला चोख. म्हणाले, "असं म्हणता? मग चाचणीचा खड्डा घ्या, कमरेइतका. उद्या दुपारी येऊन बघतो." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जिथे टिकाव पडू नये म्हणून खोटं बोललो, तिथेच टिकाव मारायचा हुकूम मी स्वतः घेऊन आलो.

सकाळी टोळीपुढे उभा राहिलो. साहेबांचा हुकूम सांगितला. कुणी हललं नाही. मग मथुराबाई उठली, पदर खोचला, आणि टिकाव न घेता खुरपं घेतलं.

"तू नको," मी म्हटलं.

"दुसऱ्याचा हात नको. मीच काढते," ती म्हणाली. "कुठं खणू साहेब?"

मी त्या चौकोनाकडे नुसता बघत राहिलो. एक जागा दाखवायची होती आणि कुठलीही जागा दाखवली तरी ती तिचीच असू शकत होती. शेवटी केरू पुढे झाला आणि त्याने उंबराच्या बाजूच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे मुळं दाट, तिथे सहसा कुणी खणलं नसेल, असा त्याचा अंदाज. मथुराबाई मूठ मूठ माती काढू लागली. प्रत्येक मूठ बघून बाजूला ठेवायची. बाकीच्या बाया पाठ करून बसल्या. मला पळून जावंसं वाटत होतं, पण गेलो नाही, तिथेच थांबलो. त्या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेलं बरं काम तेवढंच. खड्डा गुडघ्याइतका झाला, मांडीइतका झाला. एकदा तिचा हात थांबला. तिने हलकेच माती फुंकली, तर उंबराचं मूळ होतं, पांढरं, बारीक. ती कितीतरी वेळ ते बोटांत धरून बसली. मग पुन्हा खुरपायला लागली.

दुपारी साहेब आले. लोखंडी सळई तळाशी दाबली, तर ती नुसत्या हाताच्या जोराने फूटभर आत गेली. "खरंच की हो," ते म्हणाले. "ही मूळची घट्ट जमीनच नाही. किती वेळा उकरलीय कुणास ठाऊक. एवढं कोण खणत होतं इथे?" केरू तंबाखू मळत राहिला. त्यांनी नकाशावर लाल पेन्सिलीने झोपाळे पलीकडे नेले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "मातीची पारख आहे बरं का तुम्हाला." मी मान हलवली.

मथुराबाई वर आली तेव्हा मी विचारलं, "काही...?"

"नाय," ती म्हणाली. "काय नाय निघालं." तिला सुटल्यासारखं झालं होतं की आणखी काही, ते मला तिच्या तोंडावरून कळलं नाही.

बाग पावसाआधी उभी राहिली. उद्घाटनाला आलेले पाहुणे म्हणाले, घाणीतून नंदनवन फुलवलं. मला शाल दिली. मी तिसऱ्या हिरवळीला पाटी ठोकून घेतली आणि एक शिट्टी विकत आणली. मथुराबाई पुढेही तिथेच कामाला होती. पाण्याचा पाइप धरून ती हिरवळीच्या कडेला उभी राहायची, आत पाऊल टाकायची नाही. पाणी देऊन झालं की पायऱ्या उतरून पिचिंगपाशी जायची, त्या तिसऱ्या थरावर ओंजळभर पाणी टाकायची आणि परत यायची. कुणी विचारलं तर सांगायची, "हात धुते."

मनगटीचं मात्र मी तिला सांगितलं नाही. कितीदा मनात आलं. पण सांगितलं असतं तर तिला कळलं असतं, की "मला ठाऊक नव्हतं" म्हणत होतो तेव्हा ती पुडी माझ्या खिशात होती. नकळत केलं ते एक आणि कळल्यावर झाकलं ते दुसरं. पहिल्यासाठी तिने मला न मागता सोडून दिलं होतं. दुसऱ्यासाठी माफी मागायची माझी छाती झाली नाही. पुडी टेबलाच्या खणात पडून राहिली. खण उघडला की आधी तीच दिसायची, आणि मी वरून कागद सारायचो.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या पावसाळ्यात मोठा पूर आला. पाणी उतरल्यावर पाहतो तो वळणावरचं पिचिंग कोसळलेलं. मी चप्पल काढून चिखलात उतरलो. दोन माणसांना घेऊन दगड उलथेपालथे केले. संध्याकाळच्या सुमारास पाटा मिळाला. एक कोपरा उडालेला, टाकीचे ठोके बुजत आलेले. दुसऱ्या दिवशी तो हातगाडीवर घालून वस्तीत मथुराबाईच्या घरी नेला. तिने तोवर काम सोडलं होतं. हरळी खोचून खोचून गुडघे गेले होते. ती दारातच बसली होती. पाटा बघितला, पदराने पुसला. मग भिंतीला धरत उठली, आतून वरवंटा आणला आणि त्यावर ठेवला. इतकी वर्षं ती फरशीच्या तुकड्यावर चटणी वाटत होती.

"परत तिथे ठेवायचा का?" मी विचारलं.

"कुठं ठेवणार? जागा कुणाला ठाव हाय आता? राहू द्या घरात."

मग मी खिशातली पुडी काढली आणि सगळं सांगितलं. रविवार, रशीदभाई, त्यांचा रुमाल, पोयट्याच्या ट्रॉल्या. काही ठेवलं नाही. ती ऐकत होती. शेवटी मनगटी तिच्यापुढे धरली. "ही तुमच्या बाळाची. दहा वर्षं मी दाबून ठेवली. घ्या बाई."

तिने मनगटी हातात घेतली, उजेडाकडे धरली, एकेक मणी बोटाने सरकवून पाहिला आणि परत माझ्या हातावर ठेवली.

"माझ्याची नाय ही."

"नीट बघा."

"काय बघू? माझ्याला मणी कुठलं? म्या काळा दोरा बांधला व्हता, नुस्ता दोरा. हिला तर पोवळं हाय. कुण्या आईनं हौसेनं केल्याली हाय."

"मग ही कुणाची?"

"ते मला काय इचारता?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "मी इचारत आले म्हणून तुमाला मी ठाव. जी नाय आली, ती बी आईच असंल ना?"

मी पुडी खिशात घालून घरी आलो.

आता निवृत्त आहे. रोज सकाळी बागेत जातो. जरा वयाची कुणी बाई त्या पाटीपाशी रेंगाळली की वाटतं, विचारावं. धीर होत नाही. काय म्हणून विचारायचं? म्हणून हे लिहिलं. मनगटी माझ्याकडे आहे. अकरा काळे मणी, मधे एक पोवळं, तार तीच. वळणावरच्या उंबराजवळ ज्यांनी आपलं बाळ ठेवलं, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, किंवा त्यांना वाचून दाखवणारं कुणी घरात असेल, तर त्यांनी यावं. नाव-गाव सांगायची गरज नाही. तिसऱ्या हिरवळीच्या कडेला जो बाक आहे, तिथे मी ऊन तापेपर्यंत असतो. शिट्टीमास्तर कुठे बसतात म्हणून विचारलं, तरी कुणीही दाखवेल.